बाहेरचा त्रास

राजदीप मुनेश्वरच्या शिटीचा दारव्हा तालुक्यात धाक होता. पंचायत समितीत तो स्वच्छतेचं टेबल सांभाळायचा, आणि वरून तपासणी येणार असली की पहाटे जीपमध्ये बसून गावोगाव फिरणाऱ्या गुड मॉर्निंग पथकाचा प्रमुखही तोच. पथकाचं काम तसं सोपं. उजाडायच्या आत गावाबाहेरच्या बेशरमीच्या झुडपांपाशी जायचं, टमरेल घेऊन बसलेला माणूस हेरायचा आणि शिटी फुंकायची. पुढचं सगळं तो माणूसच करतो. राजदीपची शिटी पितळेची होती, खास यवतमाळहून आणलेली. ती ऐकून चांगले धोतरवाले सरपंच टमरेल टाकून पळालेले लोकांनी पाहिले आहेत.

तर अशा माणसाच्या घरी, दारव्ह्याच्या नव्या लेआउटमध्ये, निळ्या टाइल्स लावलेल्या आणि फोटो काढून वर पाठवलेल्या संडासात त्याची एकुलती एक पाच वर्षांची पोरगी, उर्वशी, बसायला तयार नव्हती. संडासातच काय, कुठंच बसत नव्हती. सगळ्या तालुक्याला उठवणाऱ्या माणसाची पोरगी बसेना! याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. ऑफिसातल्या लोकांनी केव्हाच ठरवलं होतं.

बरं, हा नुसता हट्ट असता तर चॉकलेटवर भागलं असतं. पण हे प्रकरण बघणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारं होतं. उन्हाळ्यातली दारव्ह्याची दुपार तुम्हाला ठाऊक असेल. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, लाइट गेलेली असते, कूलर मुका उभा असतो आणि टिनपत्रे तापून आपोआप कडकड वाजत असतात. अशा वेळी खेळता खेळता उर्वशी एकदम थांबायची. हातातली बाहुली गळून पडायची. मग ती सावकाश कपाटामागच्या सांदीत जायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. टाचा उचललेल्या, पाय एकात एक अडकवलेले, अंग ताठ, मानेवर घाम. हाक मारली तर ओ नाही. डोळे उघडे, पण बघतायत कुणाकडे ते कळत नाही. घशातून बारीक कण्हणं तेवढं ऐकू यायचं. थोड्या वेळानं सगळं निवळायचं आणि पोरगी परत येऊन बाहुलीचे केस विंचरत बसायची.

"अहो, थे पाहा," जया हलक्या आवाजात नवऱ्याला म्हणायची, "पुन्हा उभी राह्यली."

दोघं दारातून बघत राहायचे. पोटच्या पोरीजवळ जायची भीती वाटावी, याची जयाला इतकी लाज वाटायची की ती मग रात्रीच्या भाजीत मीठ विसरायची.

आठवडा आठवडा व्हायचं नाही. झालं की इतकं मोठं आणि इतकं कडक, की उर्वशी किंचाळायची, जया रडायची आणि निळ्या टाइल्सचा संडास तुंबायचा. त्यात भर म्हणजे मधूनच चड्डीला पातळ लागलेलं असायचं. त्यामुळं रोग कोणता यावरच लेआउटमध्ये दोन तट पडले. एक तट म्हणे पोट बांधलं, दुसरा म्हणे पोट सुटलं. पहिल्या तटानं मनुका आणि गुलकंद पाठवला, दुसऱ्यानं डाळिंबाची साल. केळ्यानं मोकळं होतं की बांधून येतं, यावर तर दोन घरांचं बोलणं बंद झालं, ते अजून सुरू नाही.

दोन्ही तटांना सारखाच सल्ला देणारी एकच बाई होती, शेजारच्या विमलताई. यांचे मालक विठ्ठलराव सोयाबीन आणि तुरीचे शेतकरी. शेत बोरी रोडला, पण मुक्काम लेआउटमध्ये. विमलताईंचा मुक्काम कंपाउंडच्या भिंतीवर. हनुवटी भिंतीवर टेकवून त्या जगाकडे बघत आणि जगाला मार्ग दाखवत.

"पानाचा देठ घे जया, तेल लाव अन्—"

"केलं ताई."

"मंग साबनाची कांडी—"

"थेही केलं," जया म्हणाली. "पोट्टी दिवसभर पलंगाखालून निंघाली नाई."

"असं?" विमलताई विचारात पडल्या. "मंग हे काही साधं नोहे."

आता खरी गफलत इथं झाली, आणि ती केली राजदीपनं. त्याला एक दिवस रजा हवी होती. संडास हा शब्द त्यानं ग्रामसभांमध्ये माइकवरून हजार वेळा उच्चारला असेल, पण साहेबांना फोन करताना स्वतःच्या लेकीच्या बाबतीत तो त्याच्या तोंडून निघेना. सभ्य घरात जसं बोलतात तसं तो ओट्यावर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "साहेब, पोरीले बाहेरचा त्रास हाये. लय दिवसांपासून. हो, बाहेरचाच."

भिंतीवरची हनुवटी गपकन खाली गेली.

बाहेरला जाणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाहेरचा त्रास म्हणजे काय, तेही सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते भलतंच काही आहे. संध्याकाळपर्यंत लेआउटभर झालं की मुनेश्वरांच्या पोरीला धरलंय. कपाटामागे उभं राहण्याची गोष्ट जयानंच कधीतरी विमलताईंना सांगितली होती. ती आता बरोब्बर जुळली. दुसऱ्या दिवशी फाटकाशी लिंबू सापडलं. शेजारच्या लेकरांना उर्वशीशी खेळायची बंदी झाली. ऑफिसात साहेबांनी स्वतः खुर्ची दिली आणि विचारलं, "बाई हाये का मानूस?"

"कोन साहेब?"

"धरनारं."

राजदीपच्या मानीपणाचं काय झालं असेल, विचार करा. बापाच्या वेळेपासून घरात भूतबाधेला थारा नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पुस्तकांची मांडणी. शाळाशाळांत जाऊन 'भूत नसते, भीती असते' असं भाषण तो देत आलेला. आणि आता त्याच्याच फाटकात लिंबू! त्यानं ते लिंबू रागारागानं उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं सरबत करून प्यायला. सरबतात साखर घालायची राहून गेली, पण ते लांबून कुणाला कळलं नाही.

त्या रात्री जेवताना त्यानं पोरीला जवळ घेतलं. "उर्वू, तू बसत काहून नाई माय?"

उर्वशीनं घास गिळला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं, "थो रायते ना खाली."

"कोन थो?"

"शिटीवाला. आपन बसलो का थो शिटी वाजवते. मंग धरून नेते."

जयाची तव्यावरची पोळी तशीच करपत राहिली.

पुढचा प्रकार बाजाराच्या दिवशी घडला. जया भाजी आणायला गेली होती. भर दुपार, लाइट गेलेली, उर्वशी कपाटामागे उभी. राजदीप पलंगावर पडून पेपरानं वारा घेत होता. तेवढ्यात शिटी वाजली.

आधी बारीक, मग लांबलचक. आवाज घराच्या मागून येत होता, संडासातून. राजदीपनं समोर पाहिलं. पितळेची शिटी खिळ्याला टांगलेली होती, जागच्या जागी. तिला कुणी हात लावला नव्हता.

कपाटामागून, मान न वळवता, उर्वशी म्हणाली, "आला."

राजदीप उठला. उठला म्हणजे काय, उठावंच लागलं. बाप होता ना. मागच्या अंगणात पाय भाजत होते. संडासाला बाहेरून कडी होती. आत शिटी चालूच होती, मधेच थांबत, श्वास घेतल्यासारखी, पुन्हा सुरू होत. त्यानं कडी काढली आणि दार ढकललं. आवाज बंद. आत निळ्या टाइल्स, बादली आणि बादलीच्या काठाला अडकवलेला लाल मग. मग हलकेच डुलत होता.

त्यानं दार लावून घेतलं, कडी घातली आणि कडीत एक काडी खोचली. काडीनं काय होणार होतं ते त्याला विचारू नका. जयाला त्यानं काही सांगितलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून तो घाईघाईनं लवकर ऑफिसला जाऊ लागला आणि गेल्या गेल्या आधी तिथल्या संडासाकडे वळू लागला. म्हणजे आता त्या घरात न बसणारी माणसं दोन झाली.

त्यामुळंच विठ्ठलराव येऊन ओट्यावर टेकले, तेव्हा राजदीपनं त्यांना हाकललं नाही. विठ्ठलराव मनानं वाईट नव्हते. पोरीचे हाल त्यांनाही बघवत नव्हते. ते म्हणाले, "मुकुटबनाकडं एक जानता हाये, राजदीपभाऊ. मिरच्याची धुरी देते, कडुलिंबाच्या डाह्यळीनं झोडपते. लेकरू दोन दिवस पडून रायते, पन निंघून जाते. अमावस्येले नेऊ. गाडी माही."

आणि भूत नसते असं सांगत फिरणाऱ्या राजदीप मुनेश्वरनं विचारलं, "अमावस्या कधी हाये?"

जया आतून बाहेर आली. तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "माह्या पोरीले धुरी? पाच वर्षांच्या लेकराले झोडपता? म्या नाई नेऊ देनार. आंधी माह्यावरून गाडी न्या."

"मंग तूच सांग काय करू!" राजदीपही ओरडला. "पोट पाह्यलं का तिचं? दगड झाला. खाऊन नाई राह्यली. मले कळून नाई राह्यलं जया, काहीच कळून नाई राह्यलं."

विठ्ठलराव चप्पल घालून गुपचूप निघून गेले. भिंतीवरून विमलताईंनी एक बाटली पुढं केली. "एरंडेल हाये, घानीचं. जायच्या आंधी येवढं पाहा."

त्या संध्याकाळी उर्वशीनं तोंड घट्ट मिटलं. राजदीप म्हणाला, "पाह्य, पप्पा पेते. गोड लागते." आणि त्यानं एक चमचा घेतला. उर्वशीनं बापाचा चेहरा बघितला आणि तिचा गोडावरचा विश्वास उडाला. मग खात्री पटवायला दुसरा चमचा, मग 'आता तू' म्हणून तिसरा, तोही त्यालाच प्यावा लागला. पोरीच्या ओठाला थेंब लागला नाही. बापानं मात्र असं करत करत अर्धी बाटली संपवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पथक नेर रोडच्या एका गावाला निघालं. जीप चालवायला भीमसिंग, हा ऑफिसचा जुना ड्रायव्हर. एरवी शिटी राजदीपच्या गळ्यात असायची, पण त्या दिवशी फुंकायला पोटाचा जोर लावायची त्याची हिंमत नव्हती. त्यानं ती भीमसिंगच्या हवाली केली. गावाची वेस आली आणि राजदीपच्या पोटात ढग गडगडला.

"तुमी तिकून जा," तो दात आवळून म्हणाला, "मी इकून पाहून येतो."

आणि महाराष्ट्र शासनाच्या स्वच्छता टेबलाचा प्रमुख बेशरमीच्या झुडपामागे धावत गेला आणि बसला.

नुकतं तांबडं फुटत होतं. झुडपं काळी दिसत होती. कुठं पान हलत नव्हतं. आता मोकळं होणार, एवढ्यात मानेमागून शिटी वाजली.

हीच ती शिटी. आजवर हजार माणसांवर त्यानं फुंकलेली. आपल्यावर वाजलेली तो पहिल्यांदा ऐकत होता. तिचा आवाज कानात गेलाच नाही, थेट पोटात गेला, आणि आतलं सगळं खाडकन बंद झालं. पोटात वादळ आणि दार बंद! तो उठला, पॅन्ट आवळली, पण पाऊल टाकता येईना. टाचा आपोआप वर झाल्या. पाय एकात एक अडकले. अंग ताठ झालं, मानेवर घाम आला, डोळे समोरच्या काळ्या झुडपावर खिळले आणि घशातून बारीक कण्हणं निघू लागलं.

टॉर्च घेऊन आलेला भीमसिंग ते ध्यान बघून दोन पावलं मागं सरकला. "सायेब? सायेब, तुमीच का? तुमाले काही लागलं तं नाई ना?"

राजदीपला बोलता येत नव्हतं, पण त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. आपण आत्ता अगदी उर्वशीसारखे उभे आहोत! पोरगी कुणाला बघत नव्हती, कुणी तिला धरलं नव्हतं. पोरगी नुसती रोखून धरत होती, जीव खाऊन.

आणि मग त्याला आठवलं. हिवाळ्यात शिटी नवी नवी आली तो दिवस. उर्वशी तापातून उठलेली, पोट कडक झालेलं, अंगणाच्या कडेला नालीशी बसून बिचारी कुंथत होती. आणि याला काय हुक्की आली, यानं मागून जाऊन शिटी फुंकली. "ऊठ! पथक आलं, धरून नेते!" पोरगी उडून चिखलात पडली. सगळे पोट धरधरून हसले होते. भिंतीवरच्या विमलताईही.

आज मात्र राजदीपला हसू आलं नाही. झुडपामागून तो मोकळा होऊन आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. भीमसिंगला वाटलं, पोटदुखीनं.

घरी येऊन त्यानं अमावस्या रद्द केली आणि संडासातली शिटी कुठून येते ते बघायला भर दुपारी शिडी लावून मागच्या भिंतीवर चढला. टाकीतून वर गेलेला हवेचा पाइप उघडा पडला होता. वरची टोपी वानरांनी कधीच उडवली होती. गरम वाऱ्याचा झोत आला की पाइपाच्या तोंडाशी शिटी वाजे आणि खाली संडासात घुमे. त्यानं तळहात ठेवला, शिटी बंद. उचलला, सुरू. तीन-चारदा करून बघितलं. पोलादी मनाचा माणूस होता, तरी भिंतीवर बसल्या बसल्या त्याला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि ते विमलताईंनी खालून पाहिलं. 'आता बापालेही' एवढंच त्या पुटपुटल्या.

बसस्टँडमागं लेकरांच्या डॉक्टर ममता गेडाम बसतात. राजदीपनं तिथंही सवयीनं सुरुवात केली, "मॅडम, पोरीले बाहेरचा त्रास—"

"बाहेरचा नाही, आतला आहे," पोट चाचपत डॉक्टर म्हणाल्या. "एकदा दुखलं म्हणून धरून ठेवलं. धरलं म्हणून अजून कडक झालं, अजून दुखलं. आतडं भरून इतकं ताणलंय की लागल्याचं तिला धड कळतसुद्धा नाही. चड्डीला लागतं ते कडेनं झिरपलेलं. तो काही तिचा खोडसाळपणा नाही. रागवायचं नाही, हसायचं नाही."

'हसायचं नाही' म्हणताना त्यांनी राजदीपकडे पाहिलं नव्हतं, तरी त्यानं मान खाली घातली.

औषध रोजचं, महिनोन्‌महिने, मधेच बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही. जेवण झालं की थोडा वेळ बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा. पाणी, भाज्या, फळं. एरंडेल, साबण, देठ, सगळं बंद. धुरीचं नाव ऐकून तर डॉक्टर खुर्चीतून उठल्याच. मग शांत होऊन जयाला म्हणाल्या, "औषधानं मऊ होईल. पण भीती जायला वेळ लागेल. ज्या दिवशी ती आपणहून येऊन म्हणेल ना, मला लागली, त्या दिवशी समजा पोरगी बरी होतेय."

घरी आल्यावर राजदीप अंगणात मांडी घालून पोरीसमोर बसला. "उर्वू, थो शिटीवाला मीच होतो."

"खालचा?"

"खालचा तं पाइप होता. टोपी लावली त्याले. नालीजवळ शिटी वाजवली होती ना, थो मी. चुकलं माह्यं."

उर्वशीनं बराच वेळ बापाला न्याहाळलं. "मंग तुमी धरून नेता?"

"नाई माय. कोनालेच नाई." त्यानं भीमसिंगकडून परत आणलेली पितळेची शिटी खिशातून काढून तिच्या गळ्यात घातली. "आता शिटी तुह्याजवळ. तू बसली का कोनी उठवाचं नाई."

त्यानंतर काही जादू झाली नाही. औषध चालू होतं. पोरगी पाटावर पाय ठेवून बसायची, शिटी मुठीत धरून, आणि जया दाराशी बसून गोष्ट सांगायची. कधी व्हायचं, कधी नाही. बोलावलं तरच यायची. 'लागली' हा शब्द काही तिच्या तोंडून निघेना. जया रोज वाट बघायची आणि रोज गिळून टाकायची. पथकाच्या फेऱ्या चालूच होत्या, पण राजदीप आता शिटीशिवाय जायचा. झुडपाजवळ गेला की लांबूनच खोकायचा आणि माणसाचं आटपेपर्यंत पाठ करून उभा राहायचा. कामगिरी घसरली म्हणून साहेबांनी मेमो दिला, तो त्यानं घडी घालून खिशात ठेवला.

मग एक दुपार आली. लाइट गेलेली, वारा मेलेला, झाडाचं पान हलत नव्हतं. जया विमलताईंकडे पापड लाटायला गेलेली, उर्वशी आत झोपलेली. राजदीप घरच्याच संडासात बसला होता. एवढी प्रगती त्याचीही झाली होती.

शिटी वाजली.

त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. वारा नव्हता. पाइपाला टोपी होती, त्यानं स्वतः तारेनं आवळली होती. "कोन हाये?" त्यानं विचारलं. शिटी पुन्हा वाजली, आता अगदी जवळ, दाराच्या पल्याड. त्याच्या आतलं सगळं बंद झालं. दाराखालच्या फटीत उन्हाचा पट्टा होता आणि त्या पट्ट्यात दोन पावलांची सावली पडली होती. पावलं बारकी होती. टाचा वर उचललेल्या, पाय एकात एक अडकवलेले.

"पप्पा," दारापलीकडून बारीक आवाज आला, "निंघा ना लवकर. मले लागली."

राजदीप अर्ध्यातून उठला. पाणी घेतलं की नाही हे त्यालाही आठवत नाही. त्यानं दार उघडलं, पोरीला आत घेतलं, पायाखाली पाट सारला, दार लोटलं आणि पायजम्याची नाडी हातात धरून भर अंगणात उभा राहून सगळ्या लेआउटला ऐकू जाईल असा ओरडला, "जया! लागली! उर्वशीले लागली!"

भिंतीपलीकडं लाटणं पडल्याचा आवाज आला. हनुवटी वर आली, पीठ माखलेली, डोळे विस्फारलेले. "लागलं? भर दुपारचं? म्या म्हनलंच होतं, बाहेरचंच हाये!"

जया तोवर धावत निघालीच होती, एका पायात चप्पल, हाताला पीठ, हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. दोघं दाराजवळ येऊन श्वास रोखून उभे राहिले.

आतून शिटी वाजली, लांबलचक, दमदार.

"कोनी येऊ नका," उर्वशी म्हणाली. "मी बसली हाये."